जे हाती आहे त्याचे अर्पण : पंडिता रमाबाईंच्या कार्यातील विश्वास आणि आज्ञापालन

गोषवारा

माणसाजवळ जे काही असेल ते ईश्वराच्या कार्यासाठी अर्पण करावे, ही कल्पना ख्रिस्ती धर्मग्रंथात आणि मराठी भक्तिपरंपरेत सारख्याच आस्थेने मांडलेली आढळते. परंतु अर्पण नेमके कशाचे करावे, विश्वास म्हणजे निष्क्रिय प्रतीक्षा काय आणि आज्ञापालन कोणाचे करावे, हे प्रश्न बहुधा अस्पष्टच राहतात. प्रस्तुत लेखात पंडिता रमाबाई (१८५८–१९२२) यांच्या जीवनकार्याच्या आधारे या तीन प्रश्नांचा विचार केला असून, अर्पणाला एक नैतिक मर्यादाही असते, हे दाखविण्याचा प्रयत्न केला आहे.

बीजसंज्ञा : अर्पण, विश्वास, आज्ञापालन, शारदा सदन, मुक्ती सदन, बायबलचा मराठी अनुवाद.

प्रास्ताविक

एकोणिसाव्या शतकातील महाराष्ट्राच्या प्रबोधनपर्वात पंडिता रमाबाईंचे स्थान अनन्यसाधारण आहे. संस्कृत पंडिता, स्त्रीशिक्षणाच्या पुरस्कर्त्या, विधवांच्या आश्रयदात्या, प्रवासवर्णनकार आणि बायबलच्या अनुवादक अशा अनेक नात्यांनी त्यांचा अभ्यास झालेला आहे. समाजसुधारणेच्या इतिहासात त्यांचे धर्मांतर हा प्रदीर्घ वादाचा विषय ठरला, तर ख्रिस्ती लेखनात त्यांच्या श्रद्धेचे गौरवपर वर्णनच अधिक झाले. या दोन्ही पद्धतींत एक गोष्ट काहीशी दुर्लक्षित राहिली. ती म्हणजे, स्वतः रमाबाई आपल्या कार्याकडे ज्या दृष्टीने पाहत होत्या ती दृष्टी. आपण काही नवे निर्माण करीत आहोत अशी त्यांची धारणा नव्हती. आपल्याला जे मिळाले ते ज्याचे आहे त्याच्या कामी लावावे, ही त्यांची भूमिका होती. ही भूमिका समजून घेतल्याखेरीज त्यांच्या आयुष्यातील अनेक निर्णयांची संगती लागत नाही.

अर्पणाची संकल्पना

अर्पण हा शब्द मराठी मनाला परका नाही. गीतेच्या नवव्या अध्यायात पान, फूल, फळ किंवा पाणी एवढ्यावरही ईश्वर संतुष्ट होतो, असा विचार आला आहे. त्याच ठिकाणी पुढे, मनुष्य जे जे करतो ते सर्वच अर्पण व्हावे, असेही सुचविले आहे. वारकरी परंपरेने हा विचार घराघरांत आणि शेतामळ्यांत पोहोचविला. अरणच्या सावता माळ्याने मळ्यातील भाजीपाल्यातच विठ्ठल पाहिला आणि गोरोबांनी मडकी घडवितानाच नाम घेतले, अशी या परंपरेची साक्ष आहे. पूजेसाठी व्यवसाय सोडावा लागत नाही, किंबहुना व्यवसाय हीच पूजासामग्री ठरते, हा या संतचरित्रांचा आशय होय.

बायबलमध्ये हाच विचार वेगळ्या पद्धतीने, म्हणजे कथांच्या द्वारे येतो. निर्गम या पुस्तकात ईश्वर मोशेला पाचारण करतो तेव्हा मोशे आपल्या असमर्थतेची अनेक कारणे पुढे करतो. त्या वेळी त्याच्या हाती काय आहे, एवढेच त्याला विचारले जाते. हाती असते ती मेंढपाळाची साधी काठी. तीच पुढे एका जनसमूहाच्या सुटकेचे साधन होते. दुष्काळात सापडलेली सारफथची विधवा मूठभर पीठ आणि थोडेसे तेल एवढ्याच शिल्लकीतून प्रथम एलिया संदेष्ट्यासाठी भाकर भाजते. योहानाच्या शुभवर्तमानात एका मुलाजवळच्या जवाच्या पाच भाकरी आणि दोन मासळ्या पाच हजारांच्या समुदायासाठी पुढे केल्या जातात. मार्कच्या शुभवर्तमानात मंदिराच्या दानपेटीत दोन क्षुल्लक नाणी टाकणारी विधवा श्रीमंतांपेक्षा अधिक देणारी ठरते, कारण तिने शिलकीतून नव्हे तर उपजीविकेतून दिलेले असते.

या सर्व कथांत तीन समान घटक आढळतात. पहिला घटक म्हणजे प्रारंभ नेहमी हाती असलेल्या वस्तूपासून होतो, नसलेल्या वस्तूच्या खंतीपासून नाही. दुसरा घटक म्हणजे देणाऱ्याला परिणाम आधी दिसत नाही आणि तरीही तो देतो. हा विश्वास होय. तिसरा घटक म्हणजे देण्याची रीत देणारा स्वतः ठरवीत नाही. हे आज्ञापालन होय. तिसऱ्या घटकाचे महत्त्व शौल राजाच्या कथेत विशेष स्पष्ट होते. शौल आज्ञा मोडून लुटीतील उत्तम गुरेमेंढरे राखून ठेवतो आणि ती यज्ञासाठीच राखली, असे समर्थन करतो. शमुवेल संदेष्टा ते समर्थन फेटाळतो. ऐकण्याच्या ठिकाणी अर्पण ठेवता येत नाही, असा त्या कथेचा आशय आहे. म्हणजेच मोठ्यात मोठे दानही आपल्या मर्जीचे साधन बनू शकते, याची जाणीव या परंपरेला आहे.

हाती काय होते?

रमाबाईंचा जन्म २३ एप्रिल १८५८ रोजी आजच्या कर्नाटकातील गंगामूळ येथील अरण्यात झाला. वडील अनंतशास्त्री डोंगरे यांनी लोकविरोध पत्करून पत्नी लक्ष्मीबाईंना संस्कृत शिकविले आणि पुढे लक्ष्मीबाईंनी ते रमाबाईंना शिकविले. हे कुटुंब तीर्थयात्रा करीत, पुराणे सांगत देशभर फिरले. १८७० च्या दशकातील दक्षिणेतील दुष्काळात आईवडील आणि थोरली बहीण यांचा मृत्यू झाला. या दिवसांविषयी रमाबाईंनी पुढे जे लिहिले त्यात एक कठोर आत्मपरीक्षण आहे. कुटुंबाजवळचे द्रव्य दानधर्मात आणि देवपूजेत संपले, विद्येचा व कुळाचा अभिमान असल्यामुळे अंगमेहनतीचे काम करणे कमीपणाचे वाटले, आणि पोट भरण्याचे कोणतेही हातचे कौशल्य कोणालाच शिकविले गेले नव्हते, असे त्यांनी नोंदविले आहे. केवळ अर्पणाने भूक भागत नाही, ही गोष्ट त्यांनी ग्रंथांतून नव्हे तर अनुभवातून जाणली होती. त्यांच्या पुढील कार्याचे स्वरूप ठरविण्यात या अनुभवाचा वाटा फार मोठा आहे.

१८७८ मध्ये भाऊ श्रीनिवास यांच्यासह त्या कलकत्त्यास पोहोचल्या. तेथील विद्वानांनी त्यांना ‘पंडिता’ आणि ‘सरस्वती’ या पदव्या दिल्या. १८८० मध्ये भाऊ निवर्तला. त्याच वर्षी बिपिनबिहारी दास मेधावी यांच्याशी त्यांचा आंतरजातीय विवाह झाला. १८८१ मध्ये मनोरमेचा जन्म झाला आणि १८८२ च्या प्रारंभी पती पटकीने दगावले. वयाच्या चोविसाव्या वर्षी रमाबाई माहेर-सासर नसलेल्या, एका तान्ह्या मुलीच्या विधवा माता झाल्या होत्या.

लौकिक दृष्टीने ही शिल्लक शून्यवत होती. मात्र थोडे बारकाईने पाहिल्यास त्यांच्या हाती काही गोष्टी होत्या. संस्कृतवर प्रभुत्व होते, अनेक भारतीय भाषांचा परिचय होता, देशाच्या चारही दिशांना पायी केलेल्या प्रवासातून आलेले लोकस्थितीचे ज्ञान होते, भुकेची आठवण होती आणि वैधव्याचा अनुभव होता. यांपैकी शेवटच्या दोन गोष्टी कोणीही संपत्ती म्हणून मोजणार नाही. रमाबाईंच्या हातून जे कार्य घडले ते मात्र मुख्यतः या दोन गोष्टींतूनच उभे राहिले.

पुण्यास आल्यावर १८८२ मध्ये त्यांनी आर्य महिला समाजाची स्थापना केली, ‘स्त्रीधर्मनीति’ हे पुस्तक लिहिले आणि हंटर आयोगापुढे साक्ष देताना स्त्रीशिक्षिका व स्त्रीवैद्य यांची गरज प्रतिपादिली. १८८३ मध्ये वैद्यकीचे शिक्षण घेण्याच्या हेतूने त्या इंग्लंडला गेल्या. परंतु वाढत्या बहिरेपणामुळे तो मार्ग बंद झाला. जे अर्पण करण्याची इच्छा होती ते करता येत नव्हते, आणि जे जवळ होते तेच पुढे करणे शिल्लक राहिले. चेल्टनहॅम येथील महिला महाविद्यालयात त्या संस्कृत शिकवू लागल्या आणि स्वतः इंग्रजी, गणित, शास्त्रे हे विषय शिकू लागल्या.

आज्ञापालन : कोणाचे?

२९ सप्टेंबर १८८३ रोजी वाँटेज येथे रमाबाईंनी कन्या मनोरमेसह बाप्तिस्मा घेतला. वाँटेजच्या धर्मभगिनींनी लंडनमध्ये समाजाने टाकलेल्या स्त्रियांसाठी चालविलेले कार्य पाहून त्या प्रभावित झाल्या होत्या. अशा स्त्रियांना दंड नव्हे तर आधार देणारा धर्म, हे त्यांच्या आकर्षणाचे प्रमुख कारण होते, असे त्यांच्या आत्मनिवेदनावरून दिसते.

यानंतरचा पत्रव्यवहार आज्ञापालनाच्या विवेचनासाठी अत्यंत मोलाचा आहे. वाँटेजच्या सिस्टर जेराल्डीन यांनी जतन केलेली ही पत्रे ए. बी. शहा यांच्या संपादनाखाली १९७७ मध्ये महाराष्ट्र राज्य साहित्य संस्कृती मंडळाने प्रसिद्ध केली. नवदीक्षिताने धर्मगुरूंच्या मार्गदर्शनानुसार वागावे, अशी जेराल्डीन यांची साहजिक अपेक्षा होती. रमाबाईंनी मात्र ती तशी मान्य केली नाही. त्यांनी पुरुष विद्यार्थ्यांना शिकविणे योग्य नाही, असे हिंदुस्थानातील काही बिशपांनी कळविले तेव्हा त्यांनी त्यास तीव्र हरकत घेतली. त्रैक्यासारख्या सिद्धान्तांविषयी पटल्याशिवाय संमती देण्यास नकार दिला. मनोरमेला कोणते धर्मशिक्षण द्यावे याचा निर्णय आपला आहे, असे स्पष्ट सांगितले. शाकाहार सोडण्याचे कारण त्यांना दिसले नाही. क्रुसावर लॅटिन अक्षरे असण्याचे प्रयोजनही त्यांना पटले नाही.

जेराल्डीन यांना यात अहंकार दिसला. परंतु रमाबाईंचा युक्तिवाद वेगळा होता. एका पुरोहितवर्गाच्या अधिकारातून आपण मोठ्या कष्टाने बाहेर पडलो, ते दुसऱ्या पुरोहितवर्गाच्या अधिकाराखाली जाण्यासाठी नव्हे, अशी त्यांची धारणा होती. ईश्वराची आज्ञा आणि ईश्वराच्या नावाने बोलणाऱ्या माणसांची आज्ञा यांत त्यांनी भेद केला आणि आपल्या विवेकाला पटलेल्या वचनाचे पालन हेच खरे आज्ञापालन मानले.

येथे एक महत्त्वाचा निष्कर्ष निघतो. सामान्यतः आज्ञापालन आणि स्वातंत्र्य या परस्परविरोधी गोष्टी समजल्या जातात, आणि स्त्रीच्या बाबतीत तर आज्ञाधारकपणा हा सद्गुणांचा राजा मानला गेला. रमाबाईंच्या बाबतीत ईश्वराच्या आज्ञेशी असलेली निष्ठा हीच मानवी सत्तांपुढे न वाकण्याची शक्ती ठरली. १८९७ च्या प्लेगच्या साथीत पुण्यातील प्लेग रुग्णालयातील गैरव्यवस्थेविषयी त्यांनी मुंबईच्या पत्रात जाहीर लेखन करून सरकारी कारभारावर टीका केली, तीही याच वृत्तीने. इंग्रजांचा धर्म स्वीकारणारी व्यक्ती इंग्रजी सत्तेची अंकित होते, या त्या काळातील समजाला हे लेखन परस्पर उत्तर देते.

शारदा सदन : हिशेबासह विश्वास

१८८६ मध्ये आनंदीबाई जोशी यांच्या पदवीदान समारंभाच्या निमित्ताने रमाबाई फिलाडेल्फियास गेल्या. उच्चवर्णीय हिंदू स्त्रीच्या स्थितीवरील त्यांचे इंग्रजी पुस्तक १८८७ मध्ये प्रसिद्ध झाले. व्याख्याने आणि पुस्तकाची विक्री यांतून निधी जमला व बॉस्टन येथे रमाबाई असोसिएशन स्थापन झाली. बालविधवांसाठी धर्मनिरपेक्ष शाळा चालविण्याकरिता दहा वर्षे साहाय्य करण्याचे तिने मान्य केले. ११ मार्च १८८९ रोजी मुंबईत शारदा सदन सुरू झाले. गोदूबाई नातू ही तेथील पहिली विधवा विद्यार्थिनी. १८९३ मध्ये तिचा धोंडो केशव कर्वे यांच्याशी पुनर्विवाह झाला आणि पुढे बाया कर्वे या नावाने ती महाराष्ट्राला परिचित झाली.

१८९० मध्ये सदन पुण्यास आले. दहा वर्षांचे साहाय्य संपल्यावर काय, हा प्रश्न रमाबाईंनी मुदत संपण्याची वाट न पाहता विचारात घेतला. पुणे–दौंड लोहमार्गावरील केडगाव येथे सुमारे १०० एकर जमीन घेऊन त्यांनी फळबाग लावण्यास प्रारंभ केला. बागेच्या उत्पन्नावर शाळा स्वावलंबी व्हावी, हा त्यामागील हेतू होता. याच सुमारास ब्रिस्टलचे अनाथालय केवळ प्रार्थनेच्या आधारावर चालविणारे जॉर्ज म्यूलर, तसेच चायना इनलँड मिशन आणि जॉन पेटन यांची वृत्ते त्यांच्या वाचनात आली. आपल्या देशातही असा विश्वास ठेवून कार्य करता येईल काय, हा विचार त्यांच्या मनात दृढ झाला.

वरकरणी या दोन गोष्टी परस्परविसंगत वाटतात. ईश्वर पुरवील असा विश्वास असेल, तर झाडे कशासाठी लावावयाची? परंतु लहानपणीच्या दुष्काळाने शिकविलेला धडा लक्षात घेतल्यास विसंगती उरत नाही. जमीन, पाणी आणि हातांतील बळ हीदेखील मिळालेलीच देणगी आहे. ती पडून ठेवणे हा विश्वास नव्हे, तर दिलेल्याचा अव्हेर होय. मत्तयाच्या शुभवर्तमानातील दृष्टान्तात मालकाने सोपविलेले द्रव्य जमिनीत पुरून ठेवणारा चाकर दोषी ठरतो, ते याच कारणाने. विश्वास श्रमाची जागा घेत नाही. श्रमाचे फळ किती आणि केव्हा मिळेल याची हमी नसतानाही श्रम करावयास लावतो.

केडगाव : दुष्काळातील कसोटी

१८९६–९७ मध्ये मध्य प्रांतात भीषण दुष्काळ पडला. रमाबाईंना आपले बालपण आठवले. अमेरिकेतून येणारा निधी शारदा सदनासाठी बांधलेला होता, दुष्काळपीडित मुलींसाठी कोणतेही निश्चित उत्पन्न नव्हते. तरीही त्या दुष्काळी भागात स्वतः गेल्या आणि सुमारे ३०० मुली व स्त्रिया यांना घेऊन आल्या. पुण्यात प्लेगमुळे त्यांना ठेवण्यास मनाई झाली तेव्हा केडगावची जमीन उपयोगी पडली. फळबागेसाठी घेतलेल्या शेतात तंबू आणि तात्पुरती छपरे उभारली गेली. यातूनच मुक्ती सदन आकारास आले. स्वावलंबनाच्या योजनेसाठी घेतलेली भूमी योजनेपलीकडच्या कामी आली. १८९९–१९०० च्या दुष्काळात गुजरात, काठेवाड व राजपुताना या भागांतून आणखी मुली आल्या आणि मुक्तीतील संख्या दीड हजारांहून अधिक झाली.

एवढ्या लोकवस्तीचे पोषण ही केवळ भावनेची गोष्ट नव्हती. विहिरी खोदल्या गेल्या, धान्य व भाजीपाला पिकविला गेला, गुरे पाळली गेली. विणकाम, शिवणकाम, तेलघाणी, दुग्धव्यवसाय, बागकाम, मुद्रण असे उद्योग सुरू झाले. ज्या मुलींना समाजाने केवळ ओझे मानले होते त्याच शिकून धाकट्यांना सांभाळू लागल्या, शिकवू लागल्या. अंध मुलींसाठी मनोरमेने अमेरिकेत शिकलेली ब्रेल लिपी उपयोगात आणली. अत्याचारास बळी पडलेल्या स्त्रियांसाठी कृपा सदन उघडले.

या व्यवस्थेतील विशेष असा की, येथे घेणारा आणि देणारा हे दोन कायमचे वर्ग राहिले नाहीत. अन्न घेण्यासाठी आलेली मुलगी काही काळाने स्वयंपाकघर चालविताना दिसे. दानाच्या नेहमीच्या रीतीत घेणाऱ्याच्या वाट्याला उपकाराचे ओझे येते. मुक्तीत मात्र प्रत्येकीच्या हाती काहीतरी आहे, असे गृहीत धरून तिला ते शोधावयास लावले गेले. विद्येच्या अभिमानापायी हातचे काम न शिकल्यामुळे उपासमार झालेल्या कुटुंबातील मुलीने उभारलेल्या संस्थेत हातचे काम सर्वांना अनिवार्य असावे, ही गोष्ट अर्थपूर्ण आहे.

विद्येचे अर्पण : बायबलचा अनुवाद

विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकापासून रमाबाईंनी आपली उर्वरित शक्ती बायबलच्या मराठी अनुवादासाठी वेचली. मराठीत बायबल उपलब्ध होते. तथापि त्याची भाषा संस्कृतप्रचुर असून अल्पशिक्षित स्त्रियांना ती समजत नाही, तसेच त्यातील अनेक शब्दांबरोबर दुसऱ्या धर्मपरंपरेतील अर्थ येतात, असे त्यांचे मत होते. म्हणून त्यांनी हिब्रू आणि ग्रीक या मूळ भाषांचा अभ्यास करून सोप्या मराठीत नवा अनुवाद हाती घेतला. मुक्तीच्या छापखान्यात खिळे जुळविण्यापासून बांधणीपर्यंतची कामे तेथील स्त्रियाच करीत.

या अनुवादाचे भाषिक मूल्यमापन हा स्वतंत्र विषय आहे. अनेक ठिकाणी रूढ शब्द टाळण्याच्या आग्रहामुळे भाषा अपरिचित होते, हा आक्षेप निराधार नाही. परंतु अर्पणाच्या दृष्टीने पाहता या कार्याचे वेगळेपण ठळकपणे जाणवते. संस्कृत ही रमाबाईंची सर्वांत मोठी संपत्ती होती, तिनेच त्यांना ‘पंडिता’ हे नाव दिले होते. त्याच संपत्तीचे प्रदर्शन त्यांनी या अनुवादात कटाक्षाने टाळले. विद्येचा उपयोग करून विद्येचा डौल बाजूस ठेवावयाचा, हे कदाचित सर्वांत अवघड अर्पण असावे. संपत्ती देणारा ती देताना दिसतो, पण पांडित्य गाळून लिहिणाऱ्याचे पांडित्य वाचकाला दिसतही नाही.

२४ जुलै १९२१ रोजी मनोरमेचे निधन झाले. कार्य पुढे चालविणारी कन्या गेली. ५ एप्रिल १९२२ रोजी रमाबाईंची जीवनयात्रा संपली. त्यापूर्वी त्यांनी अनुवाद पूर्ण केला होता. संपूर्ण ग्रंथ १९२४ मध्ये प्रसिद्ध झाला, म्हणजे तो पूर्ण स्वरूपात पाहण्याचे समाधान अनुवादिकेला लाभले नाही.

अर्पणाची मर्यादा

रमाबाईंच्या कार्याचे हे स्वरूप मान्य करूनही एक प्रश्न टाळता येत नाही. १८९३ मध्ये शारदा सदनावर मोठे वादळ उठले. सदनात धर्माच्या बाबतीत तटस्थता राखली जाईल, असे आश्वासन होते. परंतु रमाबाईंच्या खासगी प्रार्थनेस काही मुली उपस्थित राहतात व त्यांचा कल ख्रिस्ती धर्माकडे होतो, असा आक्षेप आला. ‘केसरी’ने कठोर टीका केली. न्यायमूर्ती रानडे, डॉ. भांडारकर यांच्यासारखे सहानुभूतिदार सल्लागार मंडळातून बाहेर पडले आणि अनेक पालकांनी मुलींना काढून नेले. मुलींना प्रार्थनेस येण्याची सक्ती नाही आणि मनाईही नाही, अशी रमाबाईंची बाजू होती. पुढे मुक्तीमध्ये तर वातावरण उघडपणे ख्रिस्ती होते आणि दुष्काळात आधार शोधणाऱ्या मुलींच्या धर्मांतराविषयी तेव्हाही प्रश्न विचारले गेले, आजही विचारले जातात.

या प्रश्नाचा विचार अर्पणाच्या चौकटीतच करणे उचित ठरेल. मनुष्य स्वतःचे द्रव्य, विद्या, वेळ, दुःख अर्पण करू शकतो, कारण ते त्याचे आहे. दुसऱ्याचे मन किंवा दुसऱ्याची श्रद्धा तो अर्पण करू शकत नाही, कारण ती त्याची नाही. सारफथच्या विधवेने आपले पीठ दिले, शेजारणीचे नाही. भुकेलेल्या माणसापुढे अन्न ठेवणाऱ्याच्या हाती नकळत मोठी सत्ता येते. ज्याच्यावर प्राण वाचविल्याचे ऋण आहे त्याची संमती कितपत मुक्त असते, हा प्रश्न प्रत्येक धर्माच्या प्रत्येक आश्रयसंस्थेला लागू होतो. वाँटेजला लिहिलेल्या पत्रांत पटल्याशिवाय मान्य न करण्याचा जो हक्क रमाबाईंनी स्वतःसाठी आणि मनोरमेसाठी मागितला, तोच हक्क आश्रयार्थी मुलींनाही लागू होतो. त्यांच्या कार्याचे मूल्यमापन करण्याचा निकष अशा रीतीने त्यांच्याच लेखणीने पुरविला आहे. या निकषावर शारदा सदनातील त्यांची बाजू बरीच समर्थनीय ठरते. दुष्काळकाळातील मुक्तीच्या बाबतीत मात्र प्राण वाचविण्याची निकड आणि श्रद्धेचे स्वातंत्र्य यांतील ताण पूर्णपणे सुटत नाही, हे प्रांजळपणे मान्य करावे लागते.

तथापि या ताणामुळे कार्याचे मोल नाहीसे होत नाही. ज्या मुलींच्या बाबतीत हा प्रश्न विचारला जातो त्या प्रश्न विचारण्याइतक्या जिवंत राहिल्या, शिकल्या, त्यांच्यापैकी कित्येकींनी स्वतःच्या पायांवर उभे राहून आयुष्य घडविले. गोदूबाई नातू शारदा सदनात शिकून हिंदूच राहिल्या आणि विधवांच्या शिक्षणकार्यात कर्वे यांना साथ देत्या झाल्या. अर्पणाचे फळ अर्पण करणाऱ्याच्या अपेक्षित साच्यात पडेलच असे नाही, हे यावरून दिसते. किंबहुना ते पडू नये, यातच अर्पणाचा खरेपणा आहे. जे एकदा हातातून सोडले त्याचा आकार ठरविण्याचा अधिकारही सोडावा लागतो.

समारोप

वरील विवेचनावरून काही निष्कर्ष काढता येतात. अर्पणाचा प्रारंभ हाती असलेल्या गोष्टींपासून होतो आणि त्या गोष्टींत केवळ गुणसंपत्ती नव्हे तर दुःखाचा अनुभवही मोडतो. भूक आणि वैधव्य यांचे रमाबाईंनी जे केले ते याचे उदाहरण आहे. विश्वास हा नियोजनाचा आणि श्रमाचा शत्रू नाही. केडगावच्या विहिरी आणि बागा ही प्रार्थनेचीच दुसरी बाजू होती. आज्ञापालन म्हणजे माणसांपुढील नम्र शरणागती नव्हे. ते विवेकाला पटलेल्या ईश्वरी हाकेला दिलेले उत्तर असून त्यापायी प्रसंगी धर्मगुरू, समाजधुरीण आणि राज्यकर्ते या सर्वांशी मतभेद पत्करावे लागतात. आणि अखेरीस, अर्पण आपल्या मालकीच्या गोष्टीचेच करता येते. दुसऱ्याच्या स्वातंत्र्याशी पोहोचताच त्याची हद्द संपते.

केडगावची संस्था आजही कार्यरत आहे. निराधार स्त्रियांसाठी निवारा ही आजच्या महाराष्ट्राचीही गरज आहे आणि अशा कार्यासाठी पुरेसा निधी, पुरेसे मनुष्यबळ, पुरेशी अनुकूलता यांची वाट पाहण्याची प्रवृत्तीही तितकीच सार्वत्रिक आहे. चोविसाव्या वर्षी एका तान्ह्या मुलीखेरीज आपले म्हणावे असे कोणी नसलेल्या स्त्रीने आपल्याजवळ काय नाही याची यादी केली असती, तर ती फार मोठी झाली असती. त्यांनी जवळ असलेल्याची यादी केली. ती लहान होती, परंतु तिच्यातले काहीही त्यांनी राखून ठेवले नाही.